कंपनी ऑफ हिरोज २ : ऑनलाइन सलग ११ वेळा हरलोय, कुणी शिकवेल का?

सदाशिवपेठी_नवशिका

नमस्कार मंडळी. या विभागात पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४३. कॉलेजात असताना टिळक रोडच्या मागच्या एका सायबर कॅफेत एज ऑफ एम्पायर्स तासन्‌तास खेळलोय. पुढे नोकरी, लग्न, मुलगी, घराचे हप्ते. वीस वर्षं माउस फक्त एक्सेलसाठी हातात धरला. दिवाळीत ऑफिसमधल्या एका पोराने स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान) हा दुसऱ्या महायुद्धावरचा गेम भेट दिला. "सर, २०१३ चा आहे, तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालेल." चालतो. सोव्हिएत बाजूची मोहीम संपवली, बर्लिनपर्यंत पोचलो, छाती फुगली. मग ऑनलाइन गेलो. तीन आठवड्यांत एकास एक असे ११ सामने खेळलो आणि ११ हरलो. एकाने तर मध्येच चॅटवर विचारलं, तू माणूस आहेस की कॉम्प्युटर?

शंका बऱ्याच आहेत. सुरुवातीला काय बनवायचं, याचा काही ठरलेला क्रम असतो का? जर्मन मशीनगन घरात बसली की माझी माणसं जमिनीला चिकटतात ती उठतच नाहीत, त्यावर उपाय काय? रणगाडा बाहेर काढला की दोन मिनिटांत मरतो, का? इंधन नेहमी समोरच्याकडेच जास्त कसं? आणि शेवटचं म्हणजे, या वयात हाताचा वेग कमी पडतो का? तसं असेल तर स्पष्ट सांगा, मी बुद्धिबळाकडे वळतो.

---

खडकवासला_कट्टा

घरात बसून खोटी युद्धं करण्यापेक्षा रविवारी सिंहगड चढा. पिठलं-भाकरी खा, दही खा, उतरा. अकरा वेळा चढलात तर अकरा वेळा जिंकाल.

---

सदाशिवपेठी_नवशिका

@खडकवासला_कट्टा, गुडघ्याने आधीच रिट्रीट घेतलाय हो.

---

रणछोड

वेगाचा प्रश्न आधी निकालात काढतो. मी ३९ चा आहे, एका बोटाने टाइप करतो आणि गेली आठ वर्षं हा गेम खेळतोय. एज ऑफ एम्पायर्सपेक्षा इथे क्लिक कमी लागतात. तुकड्या मोजक्याच असतात, लोकसंख्येची मर्यादा १०० आणि त्यात एकेक रणगाडाच बरीच जागा खातो. हात हळू चालला तरी चालेल, नजर नकाशावर पाहिजे.

तुमच्या शंका पाच आहेत, पण मला दुखणं एकच दिसतंय. तुम्ही अजून एज ऑफ एम्पायर्सच खेळताय. तिथे गावकरी शेती करतात, लाकूड तोडतात आणि सैनिक खर्ची घालायचे असतात. मेले की नवे काढा. इथे गावकरी नाहीतच. जमिनीचा तुकडा ताब्यात असला की त्यातून दारूगोळा आणि इंधन येतं, आणि जमीन घ्यायला जातो तो सैनिकच. म्हणजे तुमची शेती करणारा आणि लढणारा माणूस एकच. तो मेला की दोन्ही बुडालं.

शिवाय इथे शत्रू मारल्याचे गुण नसतात. नकाशावर तीन विजयबिंदू, दोघांकडे ५०० गुण. ज्याच्याकडे कमी बिंदू, त्याचे गुण झिरपत जातात. शून्य झाले की संपलं. मी असे सामने जिंकलोय ज्यात समोरच्याने माझी दुप्पट माणसं मारली होती.

एखादा रिप्ले, म्हणजे सामन्याचं रेकॉर्डिंग, टाका. डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात गेमचं फोल्डर, त्यात प्लेबॅक. शेवटच्या सामन्याची फाइल तिथे असते. मात्र पुढचा सामना खेळलात की ती पुसली जाते, म्हणून आधी नाव बदलून ठेवा.

---

मैना_कोथरूड

मशीनगनवर मी लिहिते, कारण त्या घरापुढे माझी पहिली दोन वर्षं गेली आहेत.

मशीनगनला एक ठरावीक कोन असतो, अर्धवट उघडलेल्या पंख्यासारखा. त्या पंख्यात जो शिरला तो दबला. आधी तुकडीवर पिवळी खूण येते, माणसं रांगायला लागतात. मग लाल येते, ती तिथेच खिळतात. खिळलेल्या माणसांकडून ग्रेनेडसुद्धा फेकला जात नाही. नवा खेळाडू इथे काय करतो? दुसरी तुकडी मदतीला पाठवतो. त्याच रस्त्याने! आता दोन तुकड्या रांगतायत.

मोकळ्या जमिनीवर मशीनगन असेल तर सोपं आहे. एक तुकडी पंख्याच्या कडेला, आडोशाला थांबवायची, म्हणजे तोफची तिच्यात अडकून राहतो. दुसरी लांबून वळसा घालून बाजूने न्यायची. मशीनगन उचलून तोंड फिरवायला वेळ लागतो आणि तेवढाच वेळ आपला असतो.

घरात बसलेली मशीनगन जास्त त्रासदायक, कारण ती एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाते. तिथे गोळीबाराने काही होत नाही, आग लागते. सोव्हिएत सैन्य घेत असाल तर सुरुवातीलाच एक इंजिनियर तुकडी मिळते. तिला दारूगोळा खर्चून फ्लेमथ्रोअर द्या. किंवा कॉन्स्क्रिप्टसाठी (सोव्हिएतचं साधं पायदळ) मुख्यालयात मोलोटोव्हचं, म्हणजे पेटत्या बाटलीचं, संशोधन करा. घराची खिडक्या नसलेली बाजू शोधा, ब‍ऱ्याच घरांना एक तरी असते, आणि तिकडून जा. कुठलीच जागा सापडली नाही तर ते घर सोडून द्या. खरंच सोडून द्या. ते घर म्हणजे काही शनिवारवाडा नव्हे. मशीनगन तिथे बसली आहे म्हणजे ती दुसरीकडे नाही. तुम्ही उरलेला नकाशा घ्या.

आणि रस्त्यावरून चालू नका. आडोशाचे ठिपके दिसतात ना माउसखाली? हिरवा म्हणजे भिंत, वाळूच्या गोण्या. पिवळा म्हणजे खड्डे, झुडपं. लाल म्हणजे उघडा रस्ता, तिथे नेहमीपेक्षा जास्त गोळ्या लागतात. हिरवा आडोसा फक्त समोरून वाचवतो, बाजूने कुणी आलं की त्याचा उपयोग शून्य. पिवळ्याचं तसं नाही, तो सगळीकडून थोडा थोडा वाचवतो.

---

घोरपडी_गेट

मी गेम खेळत नाही. नातू खेळतो, त्याने धागा दाखवला. फौजेत २४ वर्षं काढली आहेत म्हणून मैनाताईंच्या प्रतिसादाला अनुमोदन द्यायला आलो. एक जण दाबून धरतो, दुसरा वळसा घालतो. हे आम्हाला रंगरूट असताना पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

मशीनगनवर समोरून जाणारेही होऊन गेलेत. नाईक यशवंत घाडगे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. घाडगे एकटे धावत गेले. ग्रेनेडने मशीनगन आणि तोफची दोन्ही बंद केले, आणखी एकाला टॉमीगनने उडवलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

हे यासाठी लिहिलं की नातवाच्या पडद्यावर सहा माणसं समोरून धावून पडतात आणि तो पुढची सहा बोलावतो. मला बघवत नाही.

---

रणछोड

काका, नमस्कार. अवांतर अजिबात नाही. या मालिकेचा तिसरा भाग २०२३ मध्ये आला, तो इटली आणि उत्तर आफ्रिकेतच घडतो. ब्रिटिश बाजूला गुरखा सैनिक आहेत. मराठा मात्र नाहीत.

---

टिळकरोड_टर्मिनेटर

लॅपटॉपच्या टचपॅडवर खेळत नाही ना? हसू नका, मी खेळायचो. तापकीर गल्लीतून साधा तारवाला माउस आणा. आणि तुकड्यांना नंबर द्या. तुकडी निवडून कंट्रोल आणि १, दुसरीला कंट्रोल आणि २. एवढ्याने निम्मी धावपळ कमी होते.

---

सदाशिवपेठी_नवशिका

सर्वांचे मनापासून आभार. घोरपडीकाका, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला.

माउस आहे हो, टचपॅड नाही. रिप्ले पाठवलाय रणछोड यांना. कालचा सामना, मी सोव्हिएत, समोर जर्मन ओस्टहीअर. २४ मिनिटं टिकलो, हा माझा विक्रम आहे.

---

रणछोड

पाहिला. दोनदा पाहिला. तुमचे बेत वाईट नाहीत, पण एक गोष्ट संपूर्ण २४ मिनिटांत सापडली नाही. तुम्ही रिट्रीटचं, म्हणजे माघारीचं बटण (टी) एकदाही दाबलं नाही. एकदाही!

चौथं मिनिट बघा. पहिली कॉन्स्क्रिप्ट तुकडी उजवीकडच्या कुंपणापाशी दबली, सहापैकी चार उरले. त्या क्षणी टी दाबला असता तर चौघं पळत मुख्यालयात गेले असते. पळणाऱ्या तुकडीला गोळ्या कमी लागतात आणि दबलेली तुकडीसुद्धा टी दाबताच उठून धावते, मशीनगनपुढून सुटायचा हाच हुकमी मार्ग आहे. तुम्ही काय केलंत? तिला तिथेच ठेवून लढवलंत. चारचे तीन, तीनचे दोन. मग दुसरी तुकडी त्याच कुंपणापाशी. पाचव्या मिनिटाअखेर दोन्ही तुकड्या साफ.

आता हिशेब करा. नव्या तुकडीला पूर्ण दाम मोजावं लागतं. पळून आलेल्या तुकडीत मुख्यालयाजवळ एकेक माणूस भरायचा तर माणशी खर्च साधारण निम्मा. वर तिने कमावलेला अनुभव टिकतो. विसाव्या मिनिटाला समोरच्याचे ग्रेनेडियर (जर्मन पायदळ) अनुभवाच्या तीन ताऱ्यांचे होते आणि तुमची माणसं कालच भरती झालेली. तुम्हाला वाटलं नेम वाईट लागतोय. नेम नाही हो, पोरं कोवळी होती.

माझा नियम ढोबळ आहे. सहाची तुकडी तीनवर आली की टी. चारची दोनवर आली की टी. दबली आणि मदत दहा सेकंदांत पोचणार नसेल तर मोजत बसू नका, टी. आयडी उगाच नाही घेतला हा.

---

सदाशिवपेठी_नवशिका

हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. कारण आता आठवतंय, बटण मला माहीत होतं. मी जाणूनबुजून दाबत नव्हतो!

मोहिमेत त्या आदेश क्रमांक २२७ मुळे. नवी कुमक बोलावली की काही वेळ माघार घेणाऱ्यांवर आपलेच लोक गोळ्या झाडतात. दोन-तीनदा माझीच माणसं तशी मेली आणि डोक्यात पक्कं बसलं की पळायचं नाही. ऑनलाइन असलं काही नसतं का?

---

मैना_कोथरूड

नसतं! अरे देवा. म्हणजे मोहीम खेळून तुम्ही उलटंच शिकलात.

तो आदेश खरा आहे, स्टालिनने २८ जुलै १९४२ ला काढलेला, 'एक पाऊलही मागे नाही' म्हणून प्रसिद्ध. मोहिमेत तो ज्या तऱ्हेने दाखवलाय त्यावरून रशियातले खेळाडू इतके चिडले की २०१३ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या वितरकाने गेमची विक्री थांबवली होती. पण तो वाद वेगळा. ऑनलाइन सामन्यात मागे पळणाऱ्याला कुणी मारत नाही, उलट तोच जिंकतो.

खरं तर मोहीम हा ऑनलाइनचा सराव नव्हेच. कॉम्प्युटरविरुद्ध साधा सामना लावा, आधी स्टँडर्ड, मग हार्ड, मग एक्स्पर्ट. एक्स्पर्टला सलग तीनदा हरवलंत की पुन्हा माणसांकडे या.

---

टिळकरोड_टर्मिनेटर

इंधनाच्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. जमीन नुसती तुमच्या रंगाची असून भागत नाही, ती मुख्यालयाशी सलग जोडलेली असावी लागते. मधला एक तुकडा समोरच्याने घेतला की पलीकडचं सगळं नुसतं शोभेचं, त्यातून छदाम येत नाही. म्हणून पटाईत खेळाडू तुमच्या इंधनाच्या जागेवर येतच नाही. तो अलीकडचा फुटकळ तुकडा घेतो. पानिपतावर अब्दाली भाऊंच्या आणि दख्खनच्या मध्ये बसला, तसं.

---

खडकवासला_कट्टा

आलं पानिपत! मी वाटच बघत होतो. आता होळकर का निघून गेले यावर दोनशे प्रतिसाद येऊ द्या.

---

रणछोड

होळकरांनी टी दाबला. विषय संपला. (हलके घ्या.)

टर्मिनेटरचं म्हणणं बरोबर आहे. नवशिके यांच्या रिप्लेतही तेच, अकराव्या मिनिटापासून त्यांचं डावीकडचं इंधन तुटलेलं आहे आणि ते शेवटपर्यंत त्यांना कळलेलंच नाही. टॅक्टिकल नकाशा उघडायची सवय लावा, तुटलेला भाग तिथे एका नजरेत दिसतो.

सुरुवातीच्या क्रमाबद्दल थोडंच सांगतो, कारण नवे लोक त्यातच अडकून बसतात. सोव्हिएत घेतलंत तर आणखी तीन-चार कॉन्स्क्रिप्ट काढा आणि पसरून जमीन घ्या, बस. कुठली इमारत आधी, कुठली नंतर, याने तुमच्या पातळीवर काही बिघडत नाही. आणि सैन्य एकच धरा. महिनाभर सोव्हिएत म्हणजे सोव्हिएत. मूळ गेममध्ये दोनच सैन्यं येतात, अमेरिकन, ब्रिटिश आणि ओकेडब्ल्यू (जर्मनांचं दुसरं सैन्य) वेगळे विकत घ्यावे लागतात. इतक्यात नका घेऊ.

---

मैना_कोथरूड

रणगाडा राहिला.

लहानपणी बाबा आम्हाला नगरच्या रणगाडा संग्रहालयात घेऊन गेले होते. शर्मन, चर्चिल, व्हॅलेंटाइन, सगळे उन्हात रांगेने उभे. समोरून बघितलं की पोलादाची भिंत. मी एका रणगाड्याच्या मागे गेले तर तिथे जाळ्या, झडपा, इंजिनाची दारं. बाबांना विचारलं, मागून एवढा फुसका कसा? ते म्हणाले, त्याने पाठ दाखवायचीच नसते.

गेममध्ये तेच आहे. पुढचं चिलखत जाड, मागचं पातळ. तुम्ही टी-३४ पुढे नेता, मार पडला की तोंड फिरवून पळता, आणि पाठीत गोळा बसतो. वळायचं नाही. रिव्हर्सची वेगळी आज्ञा आहे, ती द्यायची, तोंड शत्रूकडेच ठेवून मागे यायचं.

दुसरं म्हणजे रणगाडा एकटा पाठवू नका. त्याला लांबचं दिसत नाही. जर्मनांची पाक ४० ही रणगाडाविरोधी तोफ त्याच्या नजरेपलीकडून मारते. पायदळ पुढे, रणगाडा मागे, म्हणजे पायदळाचे डोळे आणि रणगाड्याची तोफ. आणि जवळ ग्रेनेडियर दिसले की मागे व्हा, त्यांच्या पॅन्झरफाउस्टने (हातातलं रणगाडाविरोधी अस्त्र) इंजिन मोडतं. मोडक्या इंजिनाचा रणगाडा म्हणजे ऐन गर्दीत लक्ष्मी रोडवर बंद पडलेली रिक्षा. इंजिनियर तुकडी त्याच्या जवळपास ठेवली तर तिथल्या तिथे दुरुस्ती होते.

हिवाळी नकाशांवर गोठलेल्या नदीवरून रणगाडा नेऊ नका. बर्फ फुटतो. मला कसं माहीत, विचारू नका.

---

घोरपडी_गेट

नातवाला रिव्हर्सचं माहीत नव्हतं. आता आम्ही दोघं बघतो. मी नकाशा बघतो, तो माउस धरतो. काल त्याला तीनदा ओरडून मागे आणलं.

---

सदाशिवपेठी_नवशिका

नऊ दिवसांनी येतोय, अहवाल द्यायला.

कॉम्प्युटरच्या एक्स्पर्टला तीनदा हरवलं, पाच प्रयत्नांत. मग माणसांशी चार सामने. पहिले तीन हरलो, पण तिसरा ४१ मिनिटं चालला आणि माझ्या पहिल्या दोन तुकड्या शेवटपर्यंत जिवंत होत्या. त्यांना मुलीने नावंसुद्धा ठेवली, बंड्या आणि गुंड्या.

चौथा आज सकाळी, सुट्टी होती म्हणून. समोर पुन्हा ओस्टहीअर, पुन्हा चौकातल्या घरात मशीनगन. बंड्या समोरच्या भिंतीआड थांबला, नुसता थांबला. गुंड्या तळ्याकडून वळसा घालून गेला. माझा हात दोनदा समोरून धाव म्हणायला शिवशिवला, आवरला. मोलोटोव्ह खिडकीतून आत गेला, मशीनगनवाले बाहेर पळाले आणि बंड्याने त्यांना अंगणात गाठलं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, काय झालं, कुणाचा फोन?

त्यानंतर तासाभरात टी किती वेळा दाबला ते मोजलं नाही. एका क्षणी माझं अर्धं सैन्य मुख्यालयात औषधपाणी घेत बसलं होतं आणि तरी दोन विजयबिंदू माझेच होते. गुण माझे १३८, त्याचे २१. एकवीस!

आणि लाइट गेली. आज गुरुवार. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण राउटर बंद पडला. सामना माझ्या नावावर हार म्हणून लागला असणार.

---

टिळकरोड_टर्मिनेटर

गुरुवारी सकाळी पुण्यात ऑनलाइन सामना कोण लावतं हो? पाणी येत नाही, लाइट येत नाही, हे पेठेतल्या माणसाला सांगावं लागतं? राउटरला छोटा यूपीएस घ्या.

---

खडकवासला_कट्टा

१३८ विरुद्ध २१ आणि लाइट गेली. वाईट वाटलं राव. (सिंहगडावर लाइट जाऊन काही बिघडत नाही, एवढंच सुचवतो.)

---

रणछोड

रिप्ले पाठवा. तो तळ्याकडचा वळसा मला बघायचाय.

---

सदाशिवपेठी_नवशिका

फाइल उघडत नाहीये. बहुतेक अर्धवटच लिहिली गेली.

---

मैना_कोथरूड

मग पुन्हा करून दाखवा. उद्या रात्री साडेनऊला दोनास दोन लावू, मी आणि तुम्ही. बंड्या-गुंड्याला आणा. घोरपडीकाका, तुमचा नातू रिकामा आहे का?

---

घोरपडी_गेट

नातवाची सोमवारी परीक्षा आहे. मी रिकामा आहे, पण मला माउस धरता येत नाही. त्याने सांगितलंय की बाजूला बसून बघता येतं. ते कसं करायचं, तेवढं लिहा.